साक्ष आणि झील : मार्विन गे यांची ‘हिअर, माय डिअर’ ही ध्वनिमुद्रिका आणि तिचे स्वागत

१

कलाकृतीचे स्वागत हा तिच्या इतिहासाचा भाग मानायचा की तिच्या अर्थाचा, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला नवा नाही. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६७ मध्ये कॉन्स्टान्त्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना मांडली. तेव्हापासून वाचक हा साहित्येतिहासाच्या केंद्राजवळ येऊन बसला आहे. वाचक रिकाम्या मनाने पुस्तक हाती घेत नाही. आधी वाचलेली पुस्तके, लेखकाविषयीचे ग्रह, वाङ्मयप्रकाराचे संकेत आणि काळाची अभिरुची या सर्वांनी त्याचे क्षितिज आखलेले असते. कलाकृती त्या क्षितिजाशी जुळते किंवा ते ओलांडते. जी ओलांडते, तिला पुष्कळदा आपल्या वाचकाची वाट पाहावी लागते.

मराठी समीक्षेने ही दृष्टी कविता, कादंबरी आणि नाटक यांच्या अभ्यासात उपयोगात आणली आहे. ध्वनिमुद्रित गीतसंग्रहाकडे मात्र आपण अजूनही करमणुकीची वस्तू म्हणून पाहतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः आफ्रिकी-अमेरिकी समाजात, दीर्घ तबकडी ही एक स्वतंत्र संहिता बनली. तिला आरंभ, मध्य, शेवट, निवेदक, संबोधित व्यक्ती आणि पुनरावृत्त होणारी सूत्रे असतात. या अर्थाने ती आत्मचरित्राच्या किंवा दीर्घकवितेच्या जवळची आहे. प्रस्तुत निबंधात सोल गायक मार्विन गे (१९३९–१९८४) यांच्या ‘हिअर, माय डिअर’ या १९७८ च्या ध्वनिमुद्रिकेचा आणि तिच्या स्वागताचा विचार करावयाचा आहे. ‘हे घे, प्रिये’ असा तिच्या शीर्षकाचा साधा अर्थ होईल; परंतु त्या ‘घे’मध्ये अर्पण आणि उपहास हे दोन्ही आहेत. आरंभी ही ध्वनिमुद्रिका नाकारली गेली आणि पुढे तिला श्रेष्ठत्व बहाल झाले. दोन्ही वेळी श्रोत्यांनी व समीक्षकांनी तिला जो प्रश्न विचारला तो अपुरा होता, असे मला वाटते. तो अपुरा का होता आणि त्याच्या जागी कोणता प्रश्न विचारावयास हवा, हे तपासणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम या ध्वनिमुद्रिकेच्या जन्माची हकिगत सांगणे अगत्याचे आहे, कारण तिच्या निर्मितीत कायदा, नाते आणि व्यापार यांची जी गुंतागुंत झाली तिला कलेच्या इतिहासात फारशी तोड नाही.

बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये डेट्रॉइट शहरात जी संस्था सुरू केली ती पुढे ‘मोटाऊन’ या नावाने जगभर गाजली. मार्विन गे हे या संस्थेचे आघाडीचे गायक. बेरी यांची थोरली बहीण अ‍ॅना गॉर्डी ही मार्विन यांची पत्नी. ती त्यांच्याहून सतरा वर्षांनी मोठी होती. १९६०च्या दशकाच्या आरंभी हा विवाह झाला. म्हणजे पती गायक, पत्नी मालकाची बहीण आणि मालक मेहुणा, असे हे त्रांगडे होते. १९७५ मध्ये घटस्फोटाचा दावा दाखल झाला आणि १९७७ मध्ये त्याचा निकाल लागला. पैशाच्या बाबतीत मार्विन यांची स्थिती तोवर हलाखीची झालेली होती. तेव्हा एक विलक्षण तडजोड निघाली. मार्विन यांनी पुढील ध्वनिमुद्रिकेच्या उत्पन्नातून अ‍ॅना यांना एकूण सहा लाख डॉलर द्यावेत असे ठरले. त्यांतील तीन लाख पाच हजार डॉलर हे त्या ध्वनिमुद्रिकेसाठी मिळणाऱ्या आगाऊ रकमेतून द्यावयाचे होते आणि उरलेली रक्कम स्वामित्वधनातून.

जी कलाकृती अद्याप जन्मालाच आलेली नाही तिचे उत्पन्न अशा रीतीने आधीच दुसऱ्याच्या नावे लिहून दिले गेले. मार्विन यांचे चरित्रकार डेव्हिड रिट्झ यांनी नोंदविल्याप्रमाणे, आरंभी त्यांचा विचार एखादी कशीबशी, कामचलाऊ ध्वनिमुद्रिका उरकून मोकळे होण्याचा होता. परंतु लॉस एंजेलिसमधील सनसेट बुलेवार्डवरील स्वतःच्या स्टुडिओत ते कामाला बसले आणि ज्या कारणासाठी ही ध्वनिमुद्रिका करावी लागत आहे तेच तिचा विषय होऊन बसले. विवाहाचा आरंभ, प्रेम, संशय, संताप, न्यायालय, पैसा, पश्चात्ताप आणि नवे प्रेम या क्रमाने चौदा रचनांची दोन तबकड्यांची ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. ती १५ डिसेंबर १९७८ रोजी मोटाऊनच्या ‘टॅम्ला’ या मुद्रेखाली प्रसिद्ध झाली. पत्नीविरुद्धची तक्रार पत्नीच्या भावाच्या संस्थेने छापली, विकली, आणि तिचे उत्पन्न पत्नीच्या पदरात पडावे अशी व्यवस्था केली! एखाद्या प्रहसनकाराला सुचणार नाही असा हा योग आहे.

वेष्टनावरील चित्रांनीही हेच सांगितले. दर्शनी बाजूस रोमन धाटणीच्या वास्तूत आलिंगन दिलेल्या जोडप्याचे शिल्प आहे. मागील बाजूस तेच वैभव ढासळलेले दिसते. आतल्या पानावर आपल्याकडच्या ‘व्यापार’ या खेळासारखा पट मांडलेला असून त्यावर ‘निवाडा’ या अर्थाचा शब्द आहे. त्या पटावरून एका पुरुषाचा हात एका स्त्रीच्या हाती तबकडी देतो. संहिता उघडण्यापूर्वीच तिचा आर्थिक करार वाचकासमोर ठेवणारे असे मुखपृष्ठ विरळाच.

३

१९७८ च्या अखेरीस श्रोत्याचे अपेक्षाक्षितिज कसे होते? मार्विन गे हे नाव त्या वेळी दोन गोष्टींशी निगडित होते. एक म्हणजे १९७१ ची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही ध्वनिमुद्रिका. व्हिएतनामचे युद्ध, शहरांतील दारिद्र्य, पर्यावरणाचा ऱ्हास यांविषयी तिने सोल संगीतात प्रथमच एवढ्या सलगपणे बोलून दाखविले होते. दुसरी गोष्ट म्हणजे १९७३ च्या ‘लेट्स गेट इट ऑन’पासून सुरू झालेली शृंगारगीतांची परंपरा. १९७७ मध्ये त्यांचे ‘गॉट टू गिव्ह इट अप’ हे नृत्यगीत अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा चित्रपट आला आणि डिस्कोची लाट सर्वत्र पसरली. श्रोता एकतर समाजचिंतक मार्विनची, नाहीतर नाचविणाऱ्या किंवा रिझविणाऱ्या मार्विनची वाट पाहत होता.

त्याच्या हाती पडली ती संथ लयीतली, लांबलचक, ध्रुवपदाचा आधार न देणारी ध्वनिमुद्रिका. ‘व्हेन डिड यू स्टॉप लव्हिंग मी, व्हेन डिड आय स्टॉप लव्हिंग यू’ ही तिच्यातील मध्यवर्ती रचना सहा मिनिटांहून अधिक काळ चालते आणि श्रोत्याला गुणगुणता येईल असा एकही ठळक मुखडा देत नाही. बोलता बोलता गाणे आणि गाता गाता बोलणे असा तिचा बाज आहे. त्यातून ऐकावयास मिळते ते एका खाजगी कलहाचे एकतर्फी वर्णन. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. ‘बिलबोर्ड’च्या मुख्य यादीत ही ध्वनिमुद्रिका २६ व्या क्रमांकापलीकडे गेली नाही, सोल संगीताच्या यादीत ती चौथ्या क्रमांकापर्यंत पोचली. तिच्यातून स्वतंत्रपणे काढलेले ‘अ फंकी स्पेस रीइन्कार्नेशन’ हे गीत कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत २३ व्या क्रमांकावर अडले. मार्विन यांच्या मागील यशाच्या मानाने हा पराभवच होता. अ‍ॅना यांनी खाजगी जीवनाच्या उल्लंघनाबद्दल दावा लावण्याचा विचार केल्याचे त्या काळी प्रसिद्ध झाले. दावा मात्र लागला नाही.

या अपयशाचा उलगडा पुढे सामान्यतः असा करण्यात आला की ध्वनिमुद्रिका काळाच्या पुढे होती आणि श्रोता मागे होता. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, पण ते पूर्ण नाही. श्रोत्याने पाठ फिरवली यात अभिरुचीच्या मर्यादेइतकाच एक नैतिक संकोचही असू शकेल. दुसऱ्याच्या घरातील भांडण भिंतीला कान लावून ऐकताना, विशेषतः एकाच बाजूचा आवाज येत असताना, माणूस अवघडतो. हा संकोच अरसिकपणा म्हणून बाजूला सारण्यापूर्वी ध्वनिमुद्रिकेच्या घडणीतच त्याचे काही कारण आहे काय, हे पाहिले पाहिजे.

४

त्यासाठी सोल संगीताच्या मुळाकडे वळावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायन आणि बाहेरचे लौकिक ‘रिदम अँड ब्लूज’ यांच्या संयोगातून हे संगीत घडले. सॅम कुक हे प्रथम गॉस्पेलचे गायक होते. अरेथा फ्रँकलिन या एका प्रसिद्ध धर्मोपदेशकाच्या कन्या. मार्विन यांचे वडीलही वॉशिंग्टनमधील एका पेंटेकोस्टल पंथाचे उपदेशक होते आणि मार्विन लहानपणी तेथेच गात. या चर्चमध्ये ‘साक्ष’ देण्याचा एक विधी असतो. भक्त उभा राहून आपल्या जीवनातील पतन आणि उद्धार यांची कथा सर्वांसमोर सांगतो. मात्र तो एकटा बोलत नसतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेला समुदाय होकार देतो, त्याला सावरतो, पुढे ढकलतो. गायनातही एकाने साद घालायची आणि इतरांनी प्रतिसाद द्यायचा हीच रीत आहे. आपल्याकडे कीर्तनात किंवा तमाशात मुख्य गाणाऱ्याच्या मागे झील धरणारे असतात, त्यांच्याशी याची तुलना करता येईल. झीलकऱ्यांचे काम सूर भरून काढण्यापुरते नसते. गाणाऱ्याचे बोलणे समाजाने ऐकले, याची ती पावती असते.

‘हिअर, माय डिअर’मध्ये साद मार्विन यांची आहे. प्रतिसाद कोणाचा आहे? तोही मार्विन यांचाच आहे. १९७०च्या दशकात अनेक पट्ट्यांवर ध्वनिमुद्रण करण्याचे तंत्र प्रगत झाले होते आणि मार्विन यांनी ते आपलेसे केले होते. स्वतःच्या आवाजावर स्वतःचाच दुसरा, तिसरा, चौथा आवाज चढवून ते समूहगान उभे करीत. मूळ आवाज तक्रार करतो, वरचा आवाज तिला दुजोरा देतो, मधला हळहळतो, खालचा नुसताच हुंकारतो. ‘आय मेट अ लिट्ल गर्ल’ ही रचना १९५०च्या दशकातील कोपऱ्यावर उभे राहून गाणाऱ्या तरुण मंडळींच्या ‘डू-वॉप’ शैलीत बांधली आहे. ती शैलीच मुळात चार-पाच मित्रांची. येथे मात्र ते सगळे मित्र एकाच गळ्यातून आलेले आहेत. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मध्ये दुहेरी आवाजाच्या जोडीला मित्रांचा गलका होता, रस्ता, वस्ती, शहर यांची जाग होती. येथे दार लावून घेतलेले आहे. सभा भरली आहे, पण सभेतला प्रत्येक माणूस वक्त्याच्याच चेहऱ्याचा आहे.

‘साक्ष’ या शब्दाला दुसरा अर्थ न्यायालयाचा. ‘इज दॅट इनफ’ या रचनेत न्यायालयातील प्रसंग येतो, न्यायाधीश येतो, देण्याघेण्याचा हिशेब येतो. न्यायालयातील साक्षीला उलटतपासणी असते, हे तिचे वैशिष्ट्य. चर्चमधील साक्षीला समुदायाचा होकार आणि न्यायालयातील साक्षीला प्रतिपक्षाचा प्रश्न, या दोन्हींनी त्या त्या ठिकाणी वक्त्याच्या बोलण्याला वजन येते. मार्विन यांनी या दोन्ही संस्थांची भाषा घेतली; मात्र समुदायाच्या जागी स्वतःचा आवाज बसविला आणि प्रतिपक्षाची जागा मोकळी सोडली. श्रोत्याला जो अवघडलेपणा जाणवतो त्याचे मूळ येथे आहे.

या एकतर्फीपणाची तीव्रता कमी लेखू नये. अ‍ॅना गॉर्डी ही केवळ एका गायकाची पत्नी नव्हती. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिच्याच नावाने ‘अ‍ॅना रेकॉर्ड्‌स’ ही संस्था निघाली होती आणि तिच्या स्थापनेत अ‍ॅना यांचा वाटा होता. बॅरेट स्ट्राँग यांचे ‘मनी’ हे मोटाऊन परिवाराचे पहिले मोठे यश याच संस्थेमार्फत देशभर पोचले. ‘द ओरिजिनल्स’ या गटाने १९६९ मध्ये गाजविलेले ‘बेबी, आय अ‍ॅम फॉर रिअल’ हे गीत अ‍ॅना आणि मार्विन यांच्या संयुक्त नावावर आहे. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मधील काही रचनांच्या श्रेयनामावलीतही तिचे नाव आढळते. म्हणजे जिच्याविषयी ही ध्वनिमुद्रिका बोलते ती स्वतः शब्दांशी आणि सुरांशी परिचित असलेली सहनिर्माती होती. १९६०च्या दशकातील गीतांत ती मार्विन यांच्या आनंदाचा आणि अभिमानाचा विषय होती. १९७८ मध्ये ती आरोपी झाली. दोन्ही वेळी बोलणारा एकच.

५

१९८४ च्या १ एप्रिलला मार्विन यांचा वडिलांच्या हातून गोळी लागून मृत्यू झाला. त्या दुर्दैवी घटनेने त्यांच्या साऱ्या निर्मितीभोवती एक करुण प्रभावळ निर्माण केली. १९८५ मध्ये रिट्झ यांचे ‘डिव्हायडेड सोल’ हे चरित्र प्रसिद्ध झाले आणि दुभंगलेल्या मनाचा कलावंत ही मार्विन यांची प्रतिमा रूढ झाली. १९९४ मध्ये ‘हिअर, माय डिअर’ पुन्हा बाजारात आली, रिट्झ यांच्या टिपणासह. २००८ मध्ये तिची विस्तारित आवृत्ती निघाली. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने २००३ मध्ये पाचशे श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांची यादी केली तेव्हा तिला स्थान मिळाले आणि २०२० च्या नव्या यादीतही ते टिकले. दोन्ही वेळी स्थान शेवटच्या पन्नासांत होते. २०२० च्या त्याच यादीत पहिले स्थान ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ला मिळाले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. समाजाविषयी बोलणारा मार्विन शिखरावर आणि घराविषयी बोलणारा मार्विन उंबरठ्यावर, अशी ही विभागणी आहे.

या पुनर्मूल्यांकनाचा आधार प्रामुख्याने एक शब्द होता : प्रामाणिकपणा. कलावंताने स्वतःचे काहीही लपविले नाही, म्हणून कलाकृती थोर, असा तो युक्तिवाद आहे. तो मला अपुरा वाटतो. उत्कट वाटणे हे खरे असण्याचे प्रमाण नव्हे, आणि खरे असणे हे कलात्मक असण्याचे प्रमाण नव्हे. १९७८ च्या श्रोत्याने ‘हे सांगायला हवे होते काय?’ असे विचारले. १९९४ नंतरच्या समीक्षकाने ‘हे किती निर्भीडपणे सांगितले!’ असे म्हटले. दोघांचेही लक्ष सांगण्याच्या धाडसावर खिळले. सांगण्याच्या रचनेकडे दोघांनीही दुर्लक्ष केले.

मराठी वाचकाला ही कोंडी ओळखीची वाटावी. आपल्याकडे प्रसिद्ध पुरुषांच्या पत्नींनी लिहिलेल्या आत्मचरित्रांची एक समृद्ध परंपरा आहे. मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४), माधवी देसाई यांचे ‘नाच गं घुमा’ (१९८८), सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) ही त्यांतील ठळक नावे. येथे बोलणारी पत्नी आहे आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो पती सर्वज्ञात आहे. मार्विन यांच्या ध्वनिमुद्रिकेची बाजू येथे उलटी झालेली दिसते. या पुस्तकांच्या स्वागतातही घरातले चव्हाट्यावर आणावे काय, हा प्रश्न दीर्घकाळ अग्रभागी राहिला. पुढे स्त्रीवादी समीक्षेने त्यांच्या धाडसाचे मोल ओळखले, आणि ते आवश्यकच होते, कारण ज्यांना बोलण्याची जागाच नव्हती त्यांनी ती मिळविली होती. मार्विन यांना मात्र जागा पूर्वीपासूनच होती. स्टुडिओ, ध्वनिक्षेपक आणि लक्षावधी श्रोते त्यांच्या दिमतीला होते. म्हणून ‘धाडस’ हा शब्द दोन्हीकडे सारख्याच वजनाने वापरता येणार नाही.

मात्र या परंपरेने आपल्या हाती एक उपयुक्त निकषही दिला आहे. वैवाहिक जीवनाविषयीच्या आत्मकथनात अनुपस्थित व्यक्तीच्या उत्तरासाठी जागा ठेवलेली आहे काय, हा तो निकष. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची थोरवी यातच आहे. टिळकांच्या विक्षिप्तपणाचे, संतापाचे, घर सोडून निघून जाण्याचे प्रसंग त्या सांगतात; परंतु टिळक त्या पुस्तकात बोलतात, हसतात, वाद घालतात, कधी जिंकतातही. ‘आहे मनोहर तरी’मध्ये निवेदिका स्वतःचीच उलटतपासणी घेत राहते. येथे संहिता आपल्या एकतर्फीपणाची जाणीव स्वतःच बाळगते. ‘हिअर, माय डिअर’ला हाच प्रश्न विचारला पाहिजे.

६

या प्रश्नाचे उत्तर ध्वनिमुद्रिकेच्या क्रमात दडलेले आहे. मध्यवर्ती रचना तीन वेळा येते. प्रथम ती शब्दांसह येते. तिच्या शीर्षकातच प्रश्नाचे दोन भाग आहेत : तुझे प्रेम कधी सरले आणि माझे कधी सरले. आरोप आणि कबुली एकाच प्रश्नात जोडलेली आहेत. तिच्यानंतर ‘अँगर’ येते. तीत संताप व्यक्त होता होता संतापाविषयीचा उपदेश होऊन बसतो, आणि बापाच्या व्यासपीठाची छाया लेकावर पडलेली दिसते. ‘टाइम टू गेट इट टुगेदर’मध्ये घड्याळाची टिकटिक ऐकू येते आणि बोट प्रथमच स्वतःकडे वळते. ‘स्पॅरो’मध्ये मार्विन एका चिमणीला गाण्याची विनवणी करतात. ज्याच्या आवाजाने सारी ध्वनिमुद्रिका व्यापली आहे तो येथे दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजाची याचना करतो. त्यानंतर ‘अ‍ॅनाज साँग’ येते आणि आजवर ‘तू’ म्हणून संबोधलेल्या स्त्रीचे नाव हाक मारल्यासारखे मोठ्याने उच्चारले जाते.

त्या हाकेनंतर काय येते? तीच मध्यवर्ती रचना दुसऱ्यांदा येते, परंतु शब्दांवाचून, वाद्यांवर. या क्रमाकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. नाव घेतले, हाक मारली आणि गायक बाजूला सरला. आधी ज्या चालीवर त्याने आपला प्रश्न विचारला होता, तीच चाल आता रिकामी वाजते. तिच्यावर कोणीही आपले शब्द बसवू शकेल. ज्या स्त्रीला संहितेत बोलावयास मिळाले नाही तिच्या उत्तराची जागा येथे मोकळी ठेवली आहे. हे मार्विन यांनी जाणूनबुजून केले की तबकडीची बाजू भरण्यासाठी, हा प्रश्न येथे गौण आहे. ऐकणाऱ्याच्या अनुभवात ती शांतता एका उत्तराची वाट पाहते. संगीत हे माध्यम आत्मचरित्राहून वेगळे ठरते ते याच ठिकाणी. लेखकाला दुसऱ्याचे मौन शब्दांतच सांगावे लागते. गायक ते मौन प्रत्यक्ष ऐकवू शकतो.

यापुढील बाजू या वाचनाला पुष्टी देते. ‘अ फंकी स्पेस रीइन्कार्नेशन’मध्ये भविष्यातील अंतराळयानात, पुनर्जन्मात, त्याच स्त्रीशी पुन्हा गाठ पडण्याची कल्पना आहे. या जन्मी जे मिटले नाही ते पुढच्या जन्मावर टाकण्याचा हा विनोदी आणि केविलवाणा प्रयत्न आहे. ‘यू कॅन लीव्ह, बट इट्स गोइंग टू कॉस्ट यू’मध्ये पैशाचा विषय पुन्हा वर येतो. ‘फॉलिंग इन लव्ह अगेन’मध्ये नवे प्रेम येते. रूढ संकेतानुसार तबकडी येथे संपावयास हवी होती : दुःख, शुद्धी, नवा आरंभ. चर्चमधील साक्षही अशीच उद्धारावर संपते. परंतु नव्या प्रेमाच्या गाण्यानंतर तोच जुना प्रश्न तिसऱ्यांदा, तुटक स्वरूपात, परत येतो आणि त्यावर ध्वनिमुद्रिका संपते. उद्धाराची कथा रचनाकारानेच मोडली आहे. निवाडा झाला, रक्कम ठरली, दुसरे घर मांडले. प्रश्न मात्र तसाच राहिला.

याचा अर्थ ही ध्वनिमुद्रिका निर्दोष आहे असा नव्हे. ‘एव्हरीबडी नीड्स लव्ह’ ही रचना सामान्य बोधवचनांपलीकडे जात नाही. काही ठिकाणी विस्तार हा आशयाची गरज नसून स्वतःचा स्टुडिओ असल्याची चैन वाटतो. शीर्षकगीतातील उपहास क्वचित क्षुद्रतेकडे झुकतो. आणि मोकळी ठेवलेली जागा म्हणजे दिलेला न्याय नव्हे, हेही विसरता कामा नये. अ‍ॅना यांनी स्वतःचे आत्मकथन प्रकाशित केले नाही; २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. मार्विन यांची दुसरी पत्नी जॅन यांचे आत्मकथन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही रिट्झ यांच्याच साहाय्याने. त्यामुळे मार्विन यांच्या घरातील स्त्रीचा आवाज ऐकू आला खरा, पण तो या ध्वनिमुद्रिकेतील संबोधित स्त्रीचा नव्हता.

७

एकंदरीत, ‘हिअर, माय डिअर’च्या स्वागताचे दोन टप्पे परस्परविरोधी दिसत असले तरी त्यांचे गृहीतक एकच होते. ही ध्वनिमुद्रिका म्हणजे एका माणसाने स्वतःविषयी केलेले निवेदन आहे असे दोघांनीही मानले. एकाने ते निवेदन अनुचित ठरविले, दुसऱ्याने प्रांजळ ठरविले. प्रत्यक्षात ते एका हरवलेल्या संवादाचे अर्धे अंग आहे आणि आपण अर्धे आहोत याची जाण त्याच्या रचनेत उमटलेली आहे. त्याचे मोल प्रांजळपणात शोधण्यापेक्षा या जाणिवेत शोधावे.

असे मानल्यास १९७८ च्या श्रोत्याचा संकोचही निराळा दिसू लागतो. ज्या समाजात साक्षीला समुदायाने झील धरावयाची असते, तेथे या साक्षीला झील धरण्याचे त्याने नाकारले. हे नाकारणे केवळ मागासलेल्या अभिरुचीचे लक्षण मानून निकालात काढता येत नाही. दुसरी बाजू ऐकल्यावाचून होकार देणार नाही, असेही त्यातून म्हटलेले असू शकेल. आणि नंतरच्या काळाने जो भरभरून होकार दिला त्यात अ‍ॅना यांचे मौन पुन्हा एकदा झाकले गेले, हेही मान्य केले पाहिजे.

समीक्षकाला यातून घेण्यासारखा बोध इतकाच की पुनर्मूल्यांकन म्हणजे जुन्या नकाराच्या जागी नवा होकार ठेवणे नव्हे. मराठीत आज अनेक आत्मकथने नव्याने वाचली जात आहेत, काहींना उशिरा न्याय मिळत आहे. अशा वेळी कोणी किती निर्भयपणे सांगितले याच्या जोडीला, त्या सांगण्यात दुसऱ्याच्या बोलण्याला किती जागा उरली, हेही विचारणे आवश्यक आहे. मार्विन गे यांच्या ध्वनिमुद्रिकेत ती जागा थोडी आहे, उशिरा येते, आणि शब्दांवाचून येते. तरीही ती आहे. तिच्यामुळेच, सहा लाख डॉलरांचे देणे फेडण्यासाठी सुरू झालेले हे काम देण्याघेण्याच्या हिशेबात संपत नाही.